अंश आणि छेद : नगरप्रवासाच्या गणनेचा इतिहास आणि मुंबईचा पादचारी

१. प्रश्नाचे स्वरूप

रस्त्यावरील सुरक्षिततेचे मोजमाप हा मूलतः एक अपूर्णांक आहे. अपघातात मृत्यू पावलेल्यांची वा जखमी झालेल्यांची संख्या हा त्याचा अंश. आणि त्याच काळात त्या रस्त्यावरून ज्यांनी प्रवास केला त्यांची संख्या, अथवा त्यांनी कापलेले अंतर, हा त्याचा छेद. अंश पोलिसांच्या दप्तरात जमा होतो. छेद नगररचनाकार व वाहतूक-अभियंते यांच्या पाहण्यांतून हाती येतो. या दोन गणनांचा उगम निरनिराळ्या कचेऱ्यांत, निरनिराळ्या हेतूंनी झाला, आणि दीर्घकाळपर्यंत त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही.

केवळ अंशावर विसंबून राहिल्यास काय घडते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शहरातील दोन चौकांत वर्षाकाठी प्रत्येकी ५ पादचारी मृत्युमुखी पडतात. पहिला चौक रोज ५० हजार माणसे ओलांडतात, दुसरा ५ हजार. पोलिसांच्या तक्त्यात हे दोन्ही चौक सारखेच धोकादायक ठरतील. वस्तुतः दुसऱ्या चौकातील धोका पहिल्याच्या दसपट आहे. आता असा एक तिसरा चौक कल्पावा की जो इतका भयंकर झाला आहे की वृद्ध तो ओलांडण्याचे धाडसच करीत नाहीत आणि आईबाप मुलांना तिकडे पाठवीत नाहीत. तेथे मृत्यूची नोंद शून्य होईल आणि तो चौक सर्वांत सुरक्षित म्हणून गणला जाईल. छेदाचा विचार न केल्यास भीतीमुळे ओस पडलेला रस्ता आणि खरोखर निर्धोक रस्ता यांत भेद करता येत नाही.

नागरिकांच्या प्रवासाची गणना कशी सुरू झाली, तिच्यात कोणाला स्थान मिळाले व कोण वगळला गेला, आणि त्या वगळण्याचा मुंबईसारख्या शहराच्या रस्त्यांवर कोणता परिणाम झाला, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. तिकिटांचा काळ

मुंबईतील सार्वजनिक प्रवासाची अगदी आरंभीची गणना तिकिटांच्या हिशेबातून झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्राम कुलाबा व बोरीबंदर येथून पायधुणीपर्यंत धावू लागल्या. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस सुरू झाली. या प्रत्येक वाहनाच्या चालकसंस्थेला उत्पन्नाचा हिशेब ठेवणे अवश्य होते. त्यामुळे किती उतारूंनी कोठून कोठे प्रवास केला, याची स्थूल कल्पना तिकिटांवरून येत असे.

परंतु तिकिटाची नोंद ही व्यापाऱ्याची नोंद होय. ज्याने पैसे दिले तो उतारू. ज्याने दिले नाहीत तो हिशेबाबाहेर. एकोणिसाव्या शतकातील गिरणगावात कामगार बहुधा गिरणीच्या जवळच्या चाळीत राहत असे व पायीच कामावर जात असे. भोंग्याच्या वेळी परळ-लालबागच्या रस्त्यांवरून जो लोंढा वाहे, त्याची मोजदाद कोणत्याही कंपनीच्या वहीत झाली नाही. त्या काळी यात कोणाला वावगे वाटण्याचे कारणही नव्हते. रस्ता हा मुख्यतः चालणाऱ्यांचाच होता, आणि सर्वत्र असलेल्या गोष्टीची गणना करण्याची गरज सहसा भासत नाही.

मोटारीच्या आगमनाने ही स्थिती पालटली. भारतात मोटारवाहनांसंबंधी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला व त्याची जागा १९३९ च्या अधिक विस्तृत कायद्याने घेतली. वाहनाची नोंदणी होऊ लागली, चालकास परवाना लागू लागला. अशा रीतीने वाहन आणि वाहनचालक हे शासनाच्या दप्तरात दाखल झाले. पायी चालणारा मात्र नोंदणीविनाच राहिला. अपघातात सापडला तरच त्याचे नाव दप्तरात येई.

३. अमेरिकेतील गृहभेट-पाहणी

नगरप्रवासाच्या शास्त्रीय गणनेचा आरंभ अमेरिकेत झाला. १९४४ च्या संघीय महामार्ग कायद्याने तेथे शहरांतील रस्त्यांसाठी संघीय निधी उपलब्ध झाला. नवे मार्ग कोठे काढावेत हे ठरविण्यासाठी शहरातील माणसे कोठून कोठे जातात हे कळणे अगत्याचे होते. तोपर्यंतची रीत म्हणजे रस्त्यावर गाड्या मोजणे किंवा त्या थांबवून चालकास विचारणे. त्यावरून असलेल्या रस्त्यावरील रहदारी कळे. पण नवा रस्ता झाल्यास त्यावर कोण येईल हे कळत नसे. म्हणून १९४४ मध्ये गृहभेट-पाहणीची पद्धत ठरविण्यात आली आणि टल्सा, लिटल रॉक, न्यू ऑर्लिन्स, कॅन्सस सिटी, मेम्फिस, सव्हाना व लिंकन या ७ शहरांत ती प्रथम योजण्यात आली. नमुना म्हणून निवडलेल्या घरी पाहणीकार जाई आणि आदल्या दिवशी घरातील प्रत्येकाने कोठे, कशासाठी व कोणत्या साधनाने प्रवास केला हे लिहून घेई.

या पद्धतीला पुढे पूर्णत्व आले ते डेट्रॉइट (१९५३ ते १९५५) व त्यापाठोपाठ शिकागो येथील अभ्यासांत. दोन्ही ठिकाणी जे. डग्लस कॅरोल हे प्रमुख होते. शहराचे लहान लहान विभाग पाडावयाचे, एका विभागातून दुसऱ्यात जाणाऱ्या फेऱ्या मोजावयाच्या, त्या नकाशावर सरळ रेषांनी दाखवावयाच्या व पुढील वीस वर्षांत त्यांत किती वाढ होईल याचे गणित मांडावयाचे, असा हा क्रम होता. पुढील काळात जगातील शेकडो शहरांच्या वाहतूक-योजना याच साच्यात तयार झाल्या.

या पद्धतीची थोरवी मान्य करूनही तिची एक मर्यादा नमूद करावयास हवी. या पाहण्यांचा हेतू महामार्गांची रुंदी ठरविणे हा होता, आणि पायी चालणारा महामार्गावर येत नाही. म्हणून या आरंभीच्या पाहण्यांत पायी केलेल्या फेऱ्या सामान्यतः वगळल्या जात. शिवाय, एकाच फेरीत अनेक साधने वापरली गेल्यास तिची नोंद मुख्य साधनाच्या नावे होई. घरापासून स्थानकापर्यंत चालणे, आगगाडीत बसणे व उतरून कचेरीपर्यंत पुन्हा चालणे ही सर्व मिळून आगगाडीची एक फेरी झाली. तिच्या दोन टोकांचे चालणे लुप्त झाले. प्रश्नपत्रिकेतील एका व्याख्येमुळे शहरातील सर्वांत सार्वत्रिक हालचाल अदृश्य झाली, आणि जे तक्त्यात नाही त्यासाठी नकाशात जागा राखली जात नाही.

४. हा साचा मुंबईत येतो

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईपुढे गर्दीचा प्रश्न तीव्र होता. ना. वि. मोडक व अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास-योजनेचा आराखडा मांडला. १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमण्यात आला. त्यानंतर १९६२ मध्ये विल्बर स्मिथ आणि सहकारी या अमेरिकन सल्लागार-संस्थेकडे मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास सोपविण्यात आला. डेट्रॉइट-शिकागो येथे घडलेली विचारपद्धती अशा प्रकारे मुंबईत दाखल झाली. पश्चिम किनाऱ्याच्या कडेने द्रुतगती मार्ग काढावा ही या अभ्यासातील शिफारस विशेष प्रसिद्ध आहे.

याच सुमारास, ३१ मार्च १९६४ रोजी, मुंबईची शेवटची ट्राम धावली. ट्रामच्या जाण्याची कारणे अनेक होती. तथापि रस्त्याचा मध्य मोटारीसाठी मोकळा करावयाचा, ही त्या काळाची सर्वसामान्य धारणा होती हे नाकारता येत नाही.

पाहणीतून निघालेली शिफारस किती दीर्घायुषी असू शकते, याचे प्रत्यंतर पुढील इतिहासात मिळते. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला आणि दक्षिणेकडील किनारी रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये वाहतुकीसाठी उघडला गेला. १९६० नंतरच्या त्या कल्पनेचेच हे दूरचे वंशज होत. सागरी सेतूवर पादचारी, दुचाकी व तीनचाकी यांना प्रवेश ठेवण्यात आला नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत सुमारे ५० उड्डाणपूल हाती घेण्यात आले. त्यांनी वाहनांची कोंडी काही अंशी हलकी केली. परंतु पुलाखालचा चौक ओलांडणाऱ्या माणसाचा प्रश्न ते सोडवू शकले नाहीत, कारण तो प्रश्न त्यांच्यापुढे मांडलाच गेला नव्हता.

अभियंत्यांच्या दैनंदिन गणितातही हीच दृष्टी मुरली. रस्त्यावरील भिन्न वाहने एका मापात आणण्यासाठी ‘प्रवासी-मोटार एकक’ योजले जाते. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांसंबंधीच्या मार्गदर्शिकेत मोटार १, बस ३ व सायकल अर्धे अशी मूल्ये आढळतात. एकट्या माणसाची मोटार एक एकक आणि पन्नास उतारूंची बस तीन एकके, असा हा हिशेब आहे. रस्त्यावर व्यापलेल्या जागेचे माप म्हणून तो योग्यच आहे. माणसांच्या प्रवासाचे माप म्हणून मात्र तो दिशाभूल करणारा ठरतो. या कोष्टकात पादचाऱ्याला मूल्यच नाही.

५. युरोपातील फेरविचार

अपघातांच्या अंशाकडे संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ब्रिटनमध्ये आर. जे. स्मीड यांनी केला. १९४९ मध्ये त्यांनी १९३८ सालच्या २० देशांच्या आकड्यांवरून रस्त्यावरील मृत्यू, वाहनसंख्या व लोकसंख्या यांचा परस्परसंबंध एका सूत्रात मांडला. वाहने वाढत जातात तसतसे दर वाहनामागील मृत्यूंचे प्रमाण घटत जाते, असे त्या सूत्रावरून दिसले. येथे छेद आला. पण तो वाहनांचा. दहा हजार वाहनांमागे इतके मृत्यू, या मोजमापात वाहनांची संख्या दुप्पट झाली आणि मृत्यू दीडपट झाले तर ‘सुधारणा’ झाली असे निष्पन्न होते. ज्याच्याकडे वाहन नाही, अशा मृताच्या कुटुंबाला या सुधारणेचा अर्थ सांगणे कठीण आहे.

खरा फेरविचार पुढे झाला. ब्रिटनमध्ये १९६५ च्या सुमारास पहिली राष्ट्रीय प्रवास-पाहणी झाली व १९८८ पासून ती अखंड चालू राहिली. पश्चिम जर्मनीत १९७६ मध्ये व नेदरलंड्समध्ये १९७८ मध्ये अशाच राष्ट्रीय पाहण्या सुरू झाल्या. यांत पायी व सायकलवरील फेऱ्यांना हळूहळू रीतसर स्थान मिळाले. तेथेही संकोच होताच. ब्रिटनच्या सात दिवसांच्या प्रवास-दैनंदिनीत एक मैलाहून कमी अंतराचे चालणे एकाच दिवशी नोंदविण्याची प्रथा पडली. तरीही छेद उपलब्ध झाला, आणि चालणाऱ्याला व सायकलस्वाराला प्रत्येक मैलामागे मोटारीतील माणसापेक्षा कितीतरी अधिक धोका असतो, हे आकड्यांनी दाखविता येऊ लागले.

नेदरलंड्समध्ये १९७२ साली रस्त्यावरील मृत्यूंची संख्या ३,२०० च्या वर गेली होती. मुलांच्या मृत्यूंविरुद्ध तेथे लोकचळवळ उभी राहिली. १९७६ मध्ये वस्तीतील रस्त्यांवर चालणाऱ्याला व खेळणाऱ्या मुलाला अग्रहक्क देणाऱ्या रचनेस कायद्याची मान्यता मिळाली. २०१० ते २०१९ या दशकात तेथील वार्षिक मृत्यूंची अधिकृत संख्या ७०० च्या खाली राहिली. या घटीचे श्रेय वाहनांतील पट्टे, वेगमर्यादा, वैद्यकीय सोयी अशा अनेक कारणांत वाटून द्यावे लागेल. केवळ पाहणीला ते देता येणार नाही. मात्र कोण कसा प्रवास करतो याचे सातत्याचे ज्ञान हाती असल्याने, सायकलींचा वापर टिकून असतानाच मृत्यू घटले, हे तेथे निश्चितपणे सांगता आले.

याउलट इंग्लंडमधील एक अभ्यास सावधगिरीचा इशारा देतो. मेयर हिलमन, जॉन ॲडम्स व जॉन व्हाइटलेग यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले शाळेला एकटी जात असत. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. याच काळात मुलांचे रस्त्यावरील मृत्यू कमी झाले होते आणि त्याचे श्रेय रस्ता-सुरक्षेला दिले जात होते. वस्तुतः रस्ते निर्धोक झाले म्हणून नव्हे, तर मुलेच रस्त्यांवरून हटविली गेली म्हणून अंश घटला होता. आरंभी कल्पिलेला तिसरा चौक तो हाच.

६. मुंबईचा छेद

मुंबई महानगर प्रदेशासाठी २००५ ते २००८ या काळात सर्वंकष वाहतूक-अभ्यास करण्यात आला. सुमारे ६६ हजार कुटुंबांकडून माहिती घेण्यात आली, आणि या वेळी पायी फेऱ्यांचीही गणना झाली. तिचे फलित लक्षणीय आहे. प्रदेशात रोज सुमारे २ कोटी ८५ लक्ष फेऱ्या होत होत्या व त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक फेऱ्या संपूर्णपणे पायी होत्या. उरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक आगगाडीने वा बसने होत्या. आणि अशा प्रत्येक फेरीच्या दोन्ही टोकांना थोडेबहुत चालणे असतेच. म्हणजे ज्या शहराचे रस्ते दीर्घकाळ मोटारीच्या मापाने मोजले गेले, ते शहर प्रामुख्याने चालणाऱ्यांचे आहे, हे प्रथमच विस्तृत आकड्यांनी सिद्ध झाले.

हीच दृष्टी अन्यत्रही उमटत होती. २००६ च्या राष्ट्रीय नगर-वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला महत्त्व द्यावे असे तत्त्व स्वीकारले. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग यांबाहेरील कामगारांना कामाच्या ठिकाणाचे अंतर व तेथे जाण्याचे साधन विचारण्यात आले. मात्र ही माहिती कामाच्या प्रवासापुरतीच आहे. बाजारहाट करणारी गृहिणी, नातवंडाला शाळेत पोहोचविणारे आजोबा, शाळकरी मूल यांच्या फेऱ्या त्या प्रश्नात येत नाहीत. आणि पायी चालणाऱ्यांत त्यांचाच भरणा मोठा असतो.

ज्ञान झाले तरी त्याचा उपयोग कोणत्या दिशेने होईल हे आपोआप ठरत नाही. २००८ मध्ये वांद्रे (पूर्व) स्थानकापासून मुंबईतील पहिला स्कायवॉक सुरू झाला व त्यानंतर महानगरात असे अनेक बांधले गेले. पादचाऱ्याची दखल घेतली गेली खरी. पण त्याला जागा मिळाली ती रस्त्यावर नव्हे, रस्त्याच्या वर. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत, ज्याच्या डोक्यावर ओझे आहे किंवा ज्याला केवळ समोरच्या दुकानात जावयाचे आहे, तो खालूनच जात राहिला. भारतीय रस्ते परिषदेने २०१२ च्या सुधारित मार्गदर्शिकेत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ही रुंदी किती रस्त्यांवर प्रत्यक्षात मोकळी सापडते, हे मुंबईतील कोणत्याही स्थानकाबाहेर पाऊल टाकताच कळून येते.

७. अंशाचेही परीक्षण

छेदाप्रमाणेच अंशही गृहीत धरून चालत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांनुसार देशात २०१६ मध्ये १५,७४६ पादचारी मृत्यू पावले व २०१९ मध्ये २५,८५८. तीन वर्षांत ही वाढ दीडपटीहून अधिक आहे. परंतु या काळात रस्त्यावरील एकूण मृत्यू दीड लाखाच्या आसपासच राहिले. एवढ्या अल्पावधीत पादचारीच इतक्या मोठ्या प्रमाणात अधिक मरू लागले असे मानण्यापेक्षा, पूर्वी त्यांची गणना अन्य सदरांत होत असावी हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. नोंदीचे नमुने याच सुमारास सुधारण्यात आले होते. २०२२ मध्ये एकूण १,६८,४९१ मृत्यूंपैकी ३२,८२५, म्हणजे जवळजवळ एक-पंचमांश, पादचारी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या अहवालात भारताच्या २०१६ मधील रस्ता-मृत्यूंचा अंदाज सुमारे २ लक्ष ९९ हजार असा केला होता. अधिकृत आकडा १,५०,७८५ होता. हा अंदाज वादातीत नाही, परंतु दोहोंतील तफावत दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. रुग्णालयात काही दिवसांनी दगावलेला पादचारी, पळून गेलेले वाहन, परगावचा अनोळखी इसम अशा प्रकरणांत पोलिसांच्या दप्तरातील नोंद अपुरी राहण्याचा संभव अधिक असतो. प्रवासाच्या गणनेत जो वगळला गेला, मृत्यूच्या गणनेतही तोच निसटून जाण्याचा संभव अधिक, हा या इतिहासातील सर्वांत गंभीर भाग होय.

८. उपसंहार

गणनेची साधने आता पालटली आहेत. भ्रमणध्वनी, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, बसचे तिकीट-कार्ड, चौकातील कॅमेरे यांच्या साहाय्याने पूर्वी वर्षानुवर्षे लागणारी माहिती अल्पकाळात मिळते. तथापि जुना दोष नव्या साधनांतही शिरू शकतो. मनोऱ्यावरून टिपलेल्या भ्रमणध्वनीच्या नोंदीत लांबचा प्रवास दिसतो, दोनशे पावलांचे चालणे दिसत नाही. लहान मूल व फोन न बाळगणारा वृद्ध यांचा तर मागमूसही राहत नाही. व्यक्तीच्या हालचालींवर पाळत राहण्याचा धोका आहे तो वेगळाच. तिकीट न काढणारा १८७४ मध्ये ट्राम-कंपनीच्या हिशेबाबाहेर होता. फोन न बाळगणारा आजच्या हिशेबाबाहेर राहू शकतो.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रवासाची पाहणी व अपघातांची नोंद ही दोन स्वतंत्र कामे न समजता, एकाच विभागवार नकाशावर ती एकत्र मांडली जावयास हवीत. दुसरी, ‘फेरी’ची व्याख्या करताना घराच्या उंबरठ्यापासूनचे प्रत्येक चालणे, मग ते कितीही अल्प असो, नोंदले जावयास हवे. तिसरी, मृत्यू घटल्याचे सांगताना त्या रस्त्यावरून चालणाऱ्यांची, विशेषतः मुलांची व वृद्धांची, संख्या घटली की वाढली हेही सांगण्याचे बंधन असावयास हवे. या तीन अटी पाळल्या गेल्यास मुंबईच्या रस्त्यांविषयीचा पुढील वाद निदान पूर्ण अपूर्णांकावर होईल.